वडिवळ्याचे साहेब

वडिवळ्याच्या धरणावर गळ टाकायला जाल, तर तिथल्या मोठ्या कटल्याला चुकूनही 'मासा' म्हणू नका. धरणाकाठी राहणारे आबा उठवून लावतील. "साहेब म्हना! गाव पोसत्यात त्ये!"

मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात बसतो आणि सुट्टी मिळाली की गळ घेऊन वडिवळ्याला पळतो. आबांनी जन्मात कधी गळ धरलेला नाही, मासा चाखलेलाही नाही. पण रुबाब असा, की धरण जणू सासऱ्यानं आंदण दिलंय! पुण्या-मुंबईचा गळवाला दिसला की म्हातारा खाटेवरून टुणकन उडी मारून हजर. कुणाचा फोन वाजला तर डोळे वटारणार, "बंद करा त्यो! साहेब मीटिंगमधी हायेत."

"साहेबाला खाल्लं, तर यका घरात कालवन," आबा प्रत्येकाला समजावतात. "पान्यात ठिवलं, तर गळवाले येत्यात, कामशेतची रिक्षा पळती, शांतीची चूल पेटती, अख्खं गाव चालतं!" म्हणून लागलेला मासा परत पाण्यात सोडायचा, हा त्यांचा कायदा. एकदा एका पुणेकरानं पिशवीत लपवलेला रोहू आबांनी हुडकला आणि त्याला पाण्यासमोर उभं केलं. तो भला माणूस हात जोडून "सॉरी साहेब" म्हणाला हो, देवाशप्पथ!

यंदा मात्र गळाला काही लागेना. दुपार कलली की लोक सामान आवरायला लागत. आबांच्या अंगणात भाकऱ्या करून विकणाऱ्या शांतामावशी पिठाकडे बघून चरफडत. पण गंमत अशी, लोक उठले रे उठले की खडकापलीकडे 'धबाक!' आणि मागोमाग तिकडूनच आबा धापा टाकत येणार, "बघितलं का? साहेब!" झालं, पुन्हा गळ पडत आणि रात्री आबांच्या अंगणात पंगत बसे.

परवा मी जागा बदलायची म्हणून त्या खडकामागे गेलो. बघतो तर आबा दोन्ही हातांनी भलामोठा धोंडा डोक्यावर धरून उभे!

"आबा! मग साहेब कुठायत?"

त्यांनी धोंडा पोटाशी घेतला. "माजी म्हातारी व्हती तवा दिसलं व्हतं यकदा. नाव तिनंच ठिवलं."

मला हसू आवरेना. "म्हणजे गावाच्या धंद्यासाठी ही सगळी धोंडेफेक?"

"व्हय तर! शांतीचं पोट हाय त्यावर." मग खाली बघत म्हणाले, "आन् तुमी समदे गेलात की मी यकटाच जेवतो रं. ती गेल्यापास्नं यकट्याला घास उतरत न्हाई."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. पलीकडे लोक बॅगा आवरत होते, आणि आबांना तो धोंडा पुन्हा काही उचलवेना. मी तो त्यांच्या हातून घेतला आणि सगळा जोर लावून भिरकावला.

"साहेब आले! साहेब आले!" मीच बोंबललो.

पलीकडे एकच पळापळ झाली. आबा धोतर सावरत घराकडे सुटले होते.

"शांते, पीठ मळ गं! मान्सं ऱ्हायली!"