दाजी मास्तरांचे शंभरातले तीस

दाजी मास्तरांसमोर पाणी ओतायची सोय नव्हती. पंगतीत वाढप्यानं तांब्या जरा उंच धरला की मास्तर गरजायचे, "थांब! उंची किती?" बिचारा तसाच उभा. गाव त्यांना 'खुळो' म्हणे. म्हणो! तसला एक खुळा मला भेटला नसता तर मी आज इंजिनियर नसतो.

आमच्या मसुऱ्याकडच्या शाळेत ते शास्त्र शिकवत. परदेशात रात्रीची उरलेली वीज वापरून पाणी वरच्या तलावात चढवतात आणि दिवसा खाली सोडून पुन्हा वीज काढतात, असं त्यांनी वाचलं होतं. गावात विजेचा खांबसुद्धा नव्हता. मास्तरांचं काय अडलं! कातळावर पिंप ठेवलं, खाली बांबूची नळी, नळीखाली करवंट्यांचं चाक, चाकाला दोरी आणि दोरीला धोंडा. दोन कळश्या आम्ही वर चढवायच्या, मग पाणी सोडून धोंडा किती उचलला जातो ते मोजायचं. दाब, वेग, घर्षण, सगळं त्यातच. घातलेल्या शंभर भाग कष्टांपैकी तीस परत मिळत.

अकरावीच्या शास्त्राला मान्यता द्यायला तपासनीस साहेब येणार होते. ती मिळाली नसती तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. पुढची शाळा मालवणात, आणि तिथं ठेवून घेणारं आमचं कोणी नव्हतं. आणि आम्हा सात जणांना एकच धास्ती: शंभरात तीस म्हणजे मास्तर नापास! पस्तीस तरी नकोत? म्हणून तपासणीच्या सकाळी प्रत्येकानं घरून एकेक कळशी आणून गुपचूप पिंपात ओतली.

रोज हातभर चढणारा धोंडा त्या दिवशी साडेचार हात चढला.

"मास्तर," साहेब हसले, "दोन कळश्यांत एवढं? तुमच्याकडे पाणी वितं की काय?"

मास्तरांनी आमच्या ओल्या सदऱ्यांकडे पाहिलं. "मोजणीत चूक माझी, साहेब."

मान्यता मिळाली. शेरा मात्र पडला: 'शिक्षकाची मोजणी बेभरवशाची.' ज्या माणसानं जन्मात एक माप चुकवलं नाही, त्याच्यावर हा शेरा! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

साहेब गेल्यावर मास्तर भडकलेच. "तीस म्हणजे नापास, असा कोणी सांगला तुमका? जगात खंयचाच चाक शंभर देणा नाय! आणि पाणी खंयसून हाडलात?"

"घरचा," मी म्हणालो.

"वैशाखात? अरे, आवशी तुमच्या अर्ध्या कोसावरसून हाडतत ता!"



संध्याकाळी खांद्यावर कळशी घेऊन ते आमच्या अंगणात उभे. आई ओशाळली. "गुरुजीनू, ह्या काय?"

"तुझा पाणी शाळेत ईलला, बाय. परत हाडलंय."

आईनं कळशी उतरवून घेतली तेव्हा त्यांचा खांदा सोललेला दिसला. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"ह्या दुसरा घर. अजून पाच घरां आसत," म्हणाले, आणि रिकामी कळशी घेऊन विहिरीच्या वाटेला लागले.