जोतीरामच्या खाली नाही

दिवाळीच्या आत जोतीरामच्या दारात एक चप्पल दिसणार नाही, असं सयाजीरावांनी तालमीच्या कट्ट्यावर चारचौघांत जाहीर केलं. शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरण्यात सगळा जन्म गेलेला माणूस. एकदा ओतलेलं लोखंड आणि एकदा बोललेला शब्द परत भांड्यात भरता येत नाही, असं ते मानत. त्यामुळं बोलून झाल्यावर ते करणं आलं!

जोतीराम त्यांचा शेजारी. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. एस्टीत कंडक्टर होता, निवृत्त झाला आणि वर्षभरात ग्लोबवाणी कंपनीचा माणूस झाला. ही कंपनी इंटरनेटवर चालणारा फोन विकायची. वहीएवढा काळा डबा. त्याची एक वायर ब्रॉडबँडला जोडायची आणि दुसरी घरातल्या नेहमीच्या फोनला. परदेशातल्या आपल्या माणसाकडं तसाच डबा असला की कितीही बोला, बिल वाढत नाही. पण डबा दुकानात मिळायचा नाही. ज्याच्याकडं आहे त्याच्याकडूनच घ्यायचा, म्हणजे तुम्ही त्याच्या खाली गेलात. मग तुम्ही दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, तो तुमच्या खाली. खालच्यांनी विकलं की त्यातलं थोडं थोडं वर चढत जायचं. खाली खूप माणसं झाली की कंपनी वरच्याला 'डायमंड' हा किताब द्यायची. माणसं आत घ्यायची आणि त्यांना पुढं सरकायला सांगायचं, हे जोतीरामला कुणी शिकवावं लागलं नाही.

सयाजीराव शेजाऱ्याच्या कमाईवर जळतात, असं गल्लीला वाटायचं. कमाईचं त्यांना काही नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक स्नेहल अमेरिकेत डॅलसला दिली होती, आणि ती दर रविवारी जोतीरामच्या घरात हसायची. दुखणं ते होतं.

बयाबाई होत्या तेव्हा स्नेहलचा फोन घरीच यायचा. बयाबाई बोलायच्या आणि सयाजीराव समोर पेपर धरून ऐकायचे. पेपरचं पान तेवढ्या वेळात उलटलं जायचं नाही. शेवटी बयाबाई फोन पुढं करायच्या, "घ्या, लेक हाय." सयाजीराव म्हणायचे, "बरं हाय. जावई, नातू बरं हायत? पैसं जात्यात, ठेवू?" एवढ्यानं त्यांचं पोट भरायचं, कारण बाकीचं सगळं ऐकून झालेलं असायचं.

बयाबाई गेल्या. त्यानंतर फोन आला की सयाजीराव बरं हाय म्हणायचे आणि पुढं दोन्हीकडं शांत. स्नेहलला वाटलं, आबा पैशाला भिऊन बोलत नाहीत. तिनं जोतीरामकाकांशी बोलून तिकडं एक डबा मागवला. आबांनी रविवारी सकाळी शेजारी जायचं आणि मनसोक्त बोलायचं, अशी पोरीनं सोय केली.

सोय जोतीरामची झाली. त्यानं रविवार सकाळ हीच गिऱ्हाइकांना डबा दाखवायची वेळ ठरवून टाकली. हॉलभर माणसं बसवायची, पोह्यांच्या बश्या फिरवायच्या, स्नेहलचा नंबर लावायचा, फोनचा स्पीकर चालू करायचा आणि म्हणायचं, "ऐका पावणं, ही अमेरिका!" सयाजीरावांना मध्ये खुर्चीवर बसवलेलं असायचं. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडं बघायचा. ते बरं हाय म्हणायचे. मग जोतीरामची बायको अंबूबाई ओल्या हातानं आतून यायची आणि विचारायची, कालची भाकरी फुगली का गं? की तिकडून स्नेहल सुरू. शेगडी विजेची आहे काकू, कड भाजत नाही. अंबूबाई म्हणायची, पीठ गरम पाण्यात मळ, अक्काबाई, मग बघ. आणि पोरगी खळाळून हसायची, अगदी बयाबाईंसारखी. हॉलमधले दोघंतिघं तेवढ्या हसण्यावर डबा घ्यायला तयार व्हायचे.

सयाजीराव पोहे न खाता घरी यायचे. भिंतीपलीकडं हसणं चालूच असायचं. आपल्या लेकीनं काल काय खाल्लं हे सगळ्या गल्लीला माहीत असतं आणि आपल्याला भिंतीला कान लावून कळतं, याचा त्यांना असा संताप यायचा, की एका रविवारी त्यांनी त्या भिंतीवर उगीचच खिळा ठोकला. त्याला अडकवायला काही नव्हतं.

स्वतःचा डबा घ्यायचा, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. जोतीराम आनंदानं म्हणाला, ये की माझ्या खाली. सयाजीरावांनी त्याला ऐकवलं, की तालमीत तुला मी कधी वर येऊ दिलं नाही, आता म्हातारपणी येऊ देईन होय? जोतीरामच्या खाली नाही म्हणजे नाही. अडचण अशी, की कोल्हापुरात ज्याच्याकडं चौकशी करावी तो जोतीरामच्या खालीच निघायचा. शेवटी फौंड्रीतल्या पिराजीनं बातमी आणली. गडहिंग्लजला केरबा म्हणून पत्र्याचा दुकानदार आहे, तोही डबे विकतो.

सयाजीराव एस्टीनं गडहिंग्लजला गेले. केरबा मोठा गोड माणूस. बसा पावणं म्हणाला, चहा मागवला, कुठलं गाव विचारलं. सयाजीराव सावध होते. शिरोलीकडचं, असं त्यांनी मोघम सांगितलं आणि पत्ता पिराजीचा दिला. केरबानं कागद भरला, डबा दिला आणि तुमच्यासारखा मोठा माणूस माझ्या खाली आला हे माझं भाग्य, असंही म्हणाला. येताना सयाजीरावांनी डबा एस्टीत मांडीवर धरला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, बाळ झोपलंय का, इतका नीट धरला होता.

घरी ब्रॉडबँड आलं, डबा लागला. रविवारी सकाळी सयाजीरावांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन लावला. स्नेहल आनंदानं म्हणाली, "आबा, घरातनं बोलताय? बोला की!"

"बरं हाय," सयाजीराव म्हणाले.

पुढचं काही सुचेना. त्यांनी छताकडं बघितलं. पंख्याकडं बघितलं. पावसाचं विचारावं तर तिकडं पाऊस कधी असतो ते माहीत नाही. स्नेहलनं थोडी वाट बघितली आणि मग अगदी सहज विचारलं, "अंबूकाकू नाहीत का तिथं?"

त्यांनी फोन ठेवला. मग उठले आणि तालमीच्या कट्ट्यावर जाऊन ती दिवाळीची घोषणा करून आले. पोरीला बोलायला माणसं हवीत ना? तर तिला माणसंच देतो, आणि तीही जोतीरामच्या हॉलमधली!

पुढच्या रविवारी जोतीरामकडं पोहे होते, म्हणून सयाजीरावांनी मिसळ आणली. जोतीरामनं जिलबी ठेवली. सयाजीरावांनी अंगणात चूल मांडून स्वतः मटण केलं. मटणापुढं जिलबी काय टिकणार? शिरोलीचे सगळे जुने सोबती यायला लागले. कुणाचा पोरगा मस्कतला वेल्डर, कुणाचा पुतण्या बोटीवर, कुणाची सून दुबईत नर्स. ज्यांचं परदेशात कुणीच नव्हतं ते रश्श्यासाठी आले आणि लाजेखातर डबा घेऊन गेले. कागलच्या एमआयडीसीतून एका रविवारी टेम्पो भरून माणसं आली. सयाजीरावांना समजावून सांगणं जमत नसे. ते फोन लावायचे, पावण्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बोला, लेक हाय." तिकडून स्नेहल बिचारी अनोळखी माणसांच्या पोराबाळांची चौकशी करायची. माणसं जेवून, बोलून, कागद भरून जायची.

आता ती सयाजीरावांच्या घरात हसत होती. फक्त दर वेळी फोन दुसऱ्याच कुणाच्या कानाला होता. पण ते मनावर घ्यायला त्यांना सवड नव्हती. हात धुता धुता ते कुंपणावरून जोतीरामच्या दाराकडं बघायचे. चपला कमी होत होत्या. दसऱ्याला तिथं फक्त जोतीरामच्या आणि अंबूबाईच्या राहिल्या. सयाजीराव त्या दिवशी सगळं घरदार जिंकल्यासारखे दोन भाकऱ्या जास्त जेवले.

दिवाळीच्या तोंडावर जोतीराम आणि अंबूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आले. जोतीरामचा चेहरा पडलेला असेल अशी सयाजीरावांची खात्री होती. तो तर नवरदेवासारखा खुलला होता.

"सयाजी, तुझं उपकार कसं फेडू रं?" तो म्हणाला. "तुझ्यामुळं डायमंड झालो. कोल्हापुरात पयला."

सयाजीरावांना वाटलं, हा चेष्टा करतोय. आपण तर गडहिंग्लजच्या केरबाच्या खाली आहोत, असं त्यांनी ठासून सांगितलं.

"आणि केरबा कुणाच्या खाली हाय?"

सयाजीरावांनी हे कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी अंबूबाईकडं बघितलं. अंबूबाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "भावजी, गडहिंग्लज माझं माहेर की वो. केरबा माझा चुलतभाऊ."

तीस-पस्तीस वर्षं ही बाई पलीकडं राहत होती. दर पंचमीला माहेरी जात होती, येताना बयाबाईंना काजू आणून देत होती. सयाजीरावांनी ते काजू खाल्ले होते. कुठून आले, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बयाबाईंना गल्लीतल्या एकूण एक बाईचं माहेर तोंडपाठ. त्या असत्या तर एस्टीत पाय ठेवायच्या आधीच म्हणाल्या असत्या, अहो, कुठं निघालाय, ते अंबूचं घर.

जोतीरामला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खाली कोण आलं याची नावं त्याला कंपनीकडून कळायची. मग बोलला का नाहीस, असं सयाजीरावांनी विचारलं. तो म्हणाला, "बोललो असतो तर तू सोडलं असतंस. जळतोस म्हणून तर पळतोस, म्हटलं पळू दे." आणि रविवारची गर्दी त्यानंच बंद केली होती. सगळी आपलीच माणसं, मग दोन्हीकडं खर्च कशाला करायचा?

शाहूपुरीतल्या एका हॉटेलात सत्कार झाला. ज्याच्या जिवावर डायमंड झाला त्यानं हार घालायचा, अशी कंपनीची पद्धत. सयाजीराव हार घेऊन उभे राहिले. पुण्याहून आलेल्या टायवाल्या साहेबांनी माईकवर सांगितलं, की डायमंड जोडप्याला कंपनीच्या संमेलनाला अमेरिकेला नेणार. संमेलन डॅलसला.

टाळ्या पडल्या. अंबूबाईनं माईक ओढून घेतला आणि सांगितलं, हॉटेलची काही गरज नाही, डॅलसला आमची स्नेहल आहे, आम्ही आपले तिच्याकडंच राहू. पुन्हा टाळ्या पडल्या. सयाजीरावांच्या हातात हार तसाच होता. तो त्यांनी घातला, पण जरा जोरात घातला. जोतीरामचा चष्मा खाली पडला.

व्हिसा मिळाला. दोघं गेली. सयाजीरावांनी मटण बंद केलं, माणसांना येऊ नका म्हणून निरोप पाठवले. रविवारी सकाळी बिनमाणसांच्या घरात त्यांनी फोन लावला. तो अंबूबाईनं उचलला. त्यांच्या लेकीच्या घरात, त्यांच्या लेकीचा फोन!

सयाजीराव बरं हाय म्हणायचं विसरले. "स्नेहलला दे," म्हणाले. आणि स्नेहल येताच त्यांनी विचारलं, जोत्या कुठं झोपतो?

मग थांबलेच नाहीत. नातवाच्या खोलीत का झोपतो? नातू त्याच्याजवळ जातो? आजोबा म्हणतो का त्याला? आणि तू म्हणू देतेस? अंबूबाई स्वयंपाक करते म्हणजे काय काय करते? तुझ्या आईसारखी आमटी जमते का तिला? नाही ना? मला ठाऊक होतं. जावईबापू त्याला गाडीतनं फिरवतात? पुढच्या सीटवर? गेल्या वेळी तू बोलावलंस तेव्हा मी का आलो नाही? तुझी आई गेल्यावर मला एकट्याला विमानात बसवंना, म्हणून आलो नाही. स्नेहल मधेच काही सांगायची, हसायची, एकदा थोडी रडलीही. शेवटी म्हणाली, "आबा, तुमच्या नादात तव्यावरची भाकरी करपली बघा माझी."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी फोन लावला, तिसऱ्याही दिवशी लावला. रोज विचारायला काहीतरी असायचंच. जोतीरामनं बाथरूम तुंबवलं. नातवाला शिट्टी मारायला शिकवलं. जावयाच्या खुर्चीत बसून पेपर वाचला. एकेक ऐकून सयाजीरावांचा नुसता जळफळाट व्हायचा आणि बोलणं वाढत जायचं.

एके दिवशी फोन जोतीरामनं घेतला. आवाज बारीक झाला होता. थंडी सोसत नाही म्हणाला, शेजारी कोण राहतं तेही कळत नाही, संमेलन तर कधीच संपलं. शिवाय, तो खाकरून म्हणाला, तुझ्या लेकीच्या घरात मी असा पसरलोय, तुला किती लागत असंल ते मला कळतंय. तिकीट बदलून घेतो आणि या शनिवारी येतो.

सयाजीरावांना रविवार दिसायला लागला. हा परत आला तर रविवारी विचारायचं काय?

"शनवारी आलास तर दार लावून घीन," ते म्हणाले. "ऱ्हा की अजून महिनाभर. आणि मला राग यील असं रोज कायतरी करत जा."