तीनशे चाळीस दारांचा सलाम

बुधवारी सकाळी कचेरीत आलेल्या पाहुण्याने छातीवर हात ठेवून सगळ्यांची चौकशी केली, सगळ्यांच्या मुलाबाळांची केली, हमदम अकांच्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांचीही केली, चहाची पियाली घेतली, एक घोट घेतला आणि मग अत्यंत सभ्यपणे विचारलं, "चिखल कोण करणार आहे?"

नऊ माणसं नऊ दिशांना बघायला लागली.

पाहुण्याचं नाव यूल्चीयेव. वय पस्तिशीचं, केस चापून बसवलेले. प्रांतातल्या सगळ्या सरकारी संगणकांच्या जाळ्यावर पहारा ठेवणाऱ्या खात्यातला तो अधिकारी. त्याने पिशवीतून कागदांची एक चळत काढली आणि टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर, वरपासून खालपर्यंत, एकच वाक्य छापलेलं होतं. दुसऱ्या पानावरही तेच. तिसऱ्यावरही.

"गुरुवारी पलावाचा चिखल होतो, गाजर कच्चं राहतं, मिठाला माप नसतं, आणि सगळे गप्प बसतात."

मुकद्दसच्या हातातली किटली टेबलावर टेकायच्या ऐवजी हवेतच थांबली. कारण ते वाक्य तिचं होतं. आणि ज्यांच्या पलावाबद्दल होतं ते हमदम अका, म्हणजे सगळ्यांचे थोरले दादा आणि कचेरीचे मालक, चष्मा कपाळावर चढवून, ओठ हलवत, ते मोठ्या उत्सुकतेने वाचत होते.

मार्गिलान शहरातली ही कचेरी कालव्यांची दारं सांभाळते. तीनशे चाळीस दारं, प्रत्येक दाराशी पत्र्याचा एक डबा. दर पंधरा मिनिटांनी तो डबा मुख्य संगणकाला हाक मारतो आणि पाणी किती ते सांगतो. पण सांगण्याआधी दोघांना एकमेकांची ओळख पटवावी लागते आणि जोडणीला कुलूप घालावं लागतं. पुस्तकात त्याला हस्तांदोलन म्हणतात. कचेरीत सगळे सलाम म्हणायचे. गेल्या महिन्यात कालवेवाल्यांनी मागणी केली की आम्हाला दाराचा क्रमांक सलामातच हवा. तशी सोय असते. ठरलेल्या सलामात आपला एक जादा कप्पा जोडता येतो. ज्याला तो कळतो तो वाचतो, ज्याला कळत नाही तो न बघितल्यासारखं करून पुढे जातो.

हे काम मुकद्दसकडे आलं. ती सेहेचाळीस वर्षांची. अर्धं आयुष्य रेशीम कारखान्यात मागावर गेलं, आणि कारखाना बंद पडल्यावर मागून आणलेल्या पुस्तकांतून ती हे सगळं शिकली. कप्पा तयार झाला तो नेमका गुरुवारी, जेवणानंतर. दर गुरुवारी हमदम अका मागच्या अंगणात स्वतः पलाव रांधतात आणि सगळ्यांना खाऊ घालतात. कप्प्यात चाचणीसाठी काहीतरी लिहायला हवं होतं. लोक अशा वेळी 'अ आ इ' लिहितात. मुकद्दसच्या पोटात दगड पडला होता आणि जिभेवर मीठ होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आठ वर्षं जे कुणाला बोलली नव्हती ते लिहून टाकलं. कुलूपबंद जोडणी, कोण वाचणार? शुक्रवारी त्या जागी दाराचा क्रमांक घालायचा होता. तो तिने घातलाही. फक्त सोमवारी सगळ्या डब्यांना जी प्रत गेली ती गुरुवारची होती.

"सोमवारपासून आज सकाळपर्यंत," यूल्चीयेव म्हणाला, "हे वाक्य पासष्ट हजार वेळा गेलंय. तीनशे चाळीस दारांमधून. आता मला सांगा अका, कालव्याचं दार जेव्हा म्हणतं की गुरुवारी चिखल होणार आणि सगळ्यांनी गप्प बसायचं, तेव्हा माझ्यासारख्याने काय समजायचं?"

"अरे देवा! कुणीतरी दारं फोडणार!" हमदम अका उभेच राहिले.

"मलाही तेच वाटलं."

"पण इथे तर पलाव लिहिलंय," मुकद्दस कशीबशी म्हणाली.

"खुणेचा शब्द असतो ओपा," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला. "बॉम्ब ठेवणारा काय बॉम्ब म्हणून लिहितो?"

मुकद्दसने झेबीनिसोला बाहेर गच्चीत ओढलं. झेबीनिसो तिच्या शेजारच्या टेबलावरची, तिशीतली. विद्यापीठातून रीतसर शिकून आलेली आणि ते दिवसातून एकदा तरी आठवण करून देणारी.

"मी लिहिलं ते," मुकद्दस म्हणाली.

झेबीनिसोने तोंडावर हात धरला. "ओपा! आणि ते उघड्यावर?"

"उघड्यावर कसं? कुलूप असतं ना!"

"अहो, कुलूप सलाम झाल्यावर लागतं! तुम्ही कुणाच्या घरी जाता, तर फाटकाबाहेर उभं राहून हाका मारता की नाही? बरे आहात का, पोरं बरी आहेत का, सून नांदतेय का... ते सगळी गल्ली ऐकते. फाटक आतून लावून घेतल्यावर जे बोलाल ते तेवढं घरातलं. तुम्ही अकांच्या पलावाचा उद्धार फाटकाबाहेर उभं राहून केलाय. पासष्ट हजार वेळा."

आयुष्यभर मुकद्दस गल्लीतच राहिली होती. तिथल्या एकेक सलामावरून कुणाच्या घरात काय बिनसलंय ते ओळखत होती. आणि नेमकं हेच पुस्तकातून शिकताना राहिलं.

"मग आता खरं सांगून टाका."

"अकांना? पलावाला नावं ठेवणं म्हणजे रांधणाऱ्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवणं. ज्या माणसाने माझ्याकडे एक कागद मागितला नाही, दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाला, त्याला मी असं सांगू? त्यापेक्षा कालव्यात उडी मारते."

"त्याला पाणी हवं. आणि पाणी तर हा यूल्चीयेव बंद करायला निघालाय."

ते मात्र खरं होतं. दोघी आत आल्या तेव्हा यूल्चीयेव सांगत होता की उद्या संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर सगळे डबे बंद करणार, काम दुसऱ्या कंपनीकडे देणार. ऐन कपाशीच्या पाण्याच्या दिवसांत तीनशे चाळीस दारं माणसांनी चाकं फिरवून उघडायची. आणि नऊ माणसांनी घरी बसायचं.

हमदम अकांचा चेहरा लाल झाला होता. "साहेब, हे वाक्य माझ्या कचेरीतलं नाही. लिहून देतो. आणि हे पलावाबद्दल तर असूच शकत नाही. का विचारा. अहो, गुरुवारचा पलाव इथे मी करतो! आठ वर्षं करतोय! या सगळ्यांना विचारा."

"अप्रतिम असतो," आठ जण म्हणाले. त्यातली एक मुकद्दस होती.

"बघा! उद्या गुरुवारच आहे. तुम्ही या. माझ्या हातचा पलाव खा. मग तुम्हीच म्हणाल की या वाक्याचा आणि पलावाचा काडीचा संबंध नाही."

माणूस स्वतःचा खड्डा खणतो हे मुकद्दसने ऐकलं होतं. इतक्या आनंदाने खणतो हे ती पहिल्यांदा बघत होती.

जिन्यात तिने यूल्चीयेवला गाठलं. "साहेब, ते वाक्य मी लिहिलं. चाचणीपुरतं. त्यात दुसरं तिसरं काही नाही, फक्त पलाव आहे. पण अकांना कळता कामा नये."

यूल्चीयेवने तिच्याकडे मायेने पाहिलं. "ओपा, माझी थोरली बहीण तुमच्याच वयाची. साहेबाला वाचवायला माणसं काय वाटेल ते स्वतःवर घेतात. आत्ता वरती तुम्हीच म्हणालात, अप्रतिम असतो. मी आधीचं लिहू की आत्ताचं?"

"उद्या खा. एक घास खा, म्हणजे कळेल. आणि कळलं की गुपचूप फाईल बंद करा."

"ठीक आहे. वाक्य खरं निघालं तर फाईल बंद."

मुकद्दसला पहिल्यांदाच हायसं वाटलं. आठ वर्षांत प्रथमच तिने देवाकडे मागणं मागितलं की अकांचा पलाव नेहमीसारखाच होऊ दे.

तो नेहमीपेक्षा सरस निघाला. सरकारी पाहुणा येणार म्हणून अकांनी पहाटेपासून कढई मांडली होती, देवझिरा तांदूळ दोनदा जास्त ढवळला होता, आणि मान म्हणून मीठही वाढवलं होतं. परात आली तेव्हा वर लसणाचे गड्डे मुकुटासारखे होते आणि खाली भात असा मऊ पसरला होता की त्यात चमचा उभा करून ठेवला तर तो शुक्रवारपर्यंत उभाच राहिला असता. अका स्वतः बसले नाहीत. ते कधीच बसत नसत. कढईपाशी उभ्या राहणाऱ्याची भूक धुरानेच मरते, असं म्हणून ते झारा घेऊन सगळ्यांच्या मागून फिरायचे.

यूल्चीयेवने घास घेतला. मुकद्दस त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याचा जबडा एकदा हलला, थांबला. डोळ्यांत पाणी आलं. गळ्याची घाटी मोठ्या कष्टाने वर गेली आणि खाली आली.

झालं, कळलं, मुकद्दस मनात म्हणाली. आता फाईल बंद.

"कसा आहे, साहेब?" अकांनी पाठीमागून विचारलं.

यूल्चीयेवने छातीवर हात ठेवला. "अका, तुमच्या हातांना दुखणं माहीत न होवो! असा पलाव मी माझ्या लग्नातसुद्धा खाल्ला नव्हता."

"आणखी वाढू?"

"वाढा," तो पाहुणा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? शेवटचं शीत संपवून त्याने हात पुसले, पिशवीतून फॉर्म काढला आणि जड आवाजात वाचत वाचत लिहायला लागला. "पलावाची प्रत्यक्ष चव घेतली. पलाव उत्कृष्ट. सबब वाक्य शब्दशः घेता येत नाही. वाक्य सांकेतिक आहे. सर्व दारे तात्काळ बंद—"

"अहो!" मुकद्दस ओरडली. "खोटं का बोलताय?"

परातीभोवतीचे सगळे हात थांबले.

"ओपा, मी सरकारी माणूस आहे..."

"सरकारी माणूस नंतर, आधी पाहुणे आहात, म्हणून खोटं बोलताय! चिखल आहे तो! मीठ आहे नुसतं! गाजर बघा, कुडुम कुडुम वाजतंय! ते वाक्य मी लिहिलं. गुरुवारी, जेवून उठल्यावर, वर माझ्या टेबलाशी बसून. त्यात बॉम्ब नाही, दार फोडणं नाही, काही नाही. पलाव आहे. हा!"

पलावाबद्दल असं बोललेलं त्या अंगणाने कधी ऐकलं नव्हतं. झेबीनिसोच्या हातातून पाव गळून पडला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

यूल्चीयेवने पेन सावरलं. "साक्षीदार? तुम्ही सांगा, पलाव कसा आहे?"

"उत्तम," पहिला म्हणाला.

"छान," दुसरा म्हणाला.

झेबीनिसोने द्राक्षाच्या मांडवाकडे बघत सांगितलं, "मला मुळात भूकच नव्हती."

शेवटी हमदम अका राहिले. ते कढईपाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा कुणालाच बघवत नव्हता. ते हळूहळू आले, परातीशी बसले, तीन बोटांनी घास उचलला, तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले. ज्याला फारसं चावावं लागू नये अशा पदार्थाला हा वेळ फार होता.

"आठ वर्षं?" त्यांनी मुकद्दसकडे न बघता विचारलं.

"आठ वर्षं, अका."

"दर गुरुवारी?"

"नवरोजला दोनदा."

अकांनी घास गिळला आणि चहाला हात घातला. "आणि तुला मी घेतलं ते का? तर तू पहिल्याच दिवशी माझ्या हिशेबातली चूक तोंडावर दाखवलीस म्हणून. म्हटलं, ही बाई खरं बोलेल."

मुकद्दसच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "संगणकाचं खरं बोलणं सोपं असतं, अका."

"साहेब," अका यूल्चीयेवकडे वळले, "तुम्ही तर दोनदा घेतलात."

यूल्चीयेवचे कान लाल झाले. "अका, माफ करा. तोंडावर नावं ठेवली असती तर माझ्या आईने मला घरात घेतलं नसतं." त्याने फॉर्म फाडला, नवा घेतला आणि लिहिलं: वाक्यातील मजकुराची स्थळावर खातरजमा केली. चिखल, गाजर, मीठ, मौन, चारही बाबी खऱ्या आढळल्या. घातपाताचा संशय नाही. साक्षीदार म्हणून हमदम अकांनी सही केली. वळणदार, मोठी.

त्याच दुपारी मुकद्दसने तीनशे चाळीस डब्यांच्या सलामात दारांचे क्रमांक घातले, तीनदा तपासले, आणि संध्याकाळच्या आत सगळी दारं नुसते आकडे बोलायला लागली.

पुढच्या गुरुवारी ती कचेरीत आली तेव्हा अंगणात कढई होती, चूल पेटलेली होती आणि हमदम अका झारा पुढे धरून उभे होते. मोठ्या कढईचा पलाव तिथे पुरुषच रांधतात, आणि इथे बाईच्या हातात झारा! शेजारच्या गच्च्यांवरून डोकी वर आली.

"अका, चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही. ज्याला चूक दिसते त्याने करून दाखवायचं, हा या कचेरीचा नियम. आणि घाबरू नकोस. मी खरं सांगेन. निदान मी तरी."

मुकद्दसने बाह्या सरसावल्या. चार तास ती धुरात उभी होती. मीठ घालताना हात थांबला: घातलं होतं का आधी? चाखून बघावं तर जिभेला धुराशिवाय कसलीच चव लागेना. तिने घातलं. गाजराकडे बघून ते शिजलंय की नुसतं पिवळं दिसतंय ते सांगता येईना. परात मांडली तेव्हा तिला भूक राहिली नव्हती; ती झारा घेऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

"व्वा!" पहिला म्हणाला. "व्वा!" दुसरा म्हणाला. "ओपा, काय हात आहे!" झेबीनिसो म्हणाली.

हमदम अकांनी घास घेतला. मुकद्दस त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"व्वा," अका म्हणाले.

पण घास आणि व्वा यांच्यामध्ये एक बारीक फट पडली. डोळा मिटून उघडावा एवढीच. ती फट मुकद्दसच्या चांगली ओळखीची होती. आठ वर्षं तिने ती स्वतः वापरली होती.

"खरं सांगा हं, अका," ती म्हणाली.

"अगं, खरंच!" हमदम अका वळून प्रेमाने हसले, आणि चहाची तिसरी पियाली एका दमात संपवली.