सायमनकाकांना कुणीतरी ओरडा

काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, असं चर्चमध्ये पाळकसाहेबांनी वाचलं की मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला, "एक्साइजचा परवाना होता का?"

हे आमचे शेजारी, सायमनकाका साळवे. विंचूरच्या वायनरीत उभा जन्म गेला, त्यामुळे या चमत्कारावर ते खार खाऊन. "छाटणी करा, फवारणी करा, गारपीट आली की कपाळाला हात लावा. आणि यांचं सहा रांजण पाण्यात काम उरकतं! आम्ही काय खायचं मग?"

पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवली, हेही पटत नाही. "अगं, बायकांनी घरून डबे नेले असणार. नाव झालं प्रभूचं!" आणि पाण्यावर चालण्याचं काढलंत तर, "मे महिन्यात पंचवटीला या. गोदावरीवरून मीही चालून दाखवतो."

पूर्वी बरं होतं. रूथकाकू शेजारीच बसायच्या. तिथल्या तिथे चिमटा काढून म्हणायच्या, "अहो, गप्प बसा! स्वर्गात मी एकटीनंच जायचं का?"

गेल्या वर्षी काकू गेल्या. एकट्याच.

आता काकांना कुणी रागवत नाही. बिचारे एकटे, म्हणून पाळकसाहेबसुद्धा हसतात. त्यानं काकांचा चेहरा आणखीच पडतो. एकदा मला म्हणाले, "तू तरी ओरड की गं! हसता काय सगळे?" तेव्हाही मी मेली हसलेच.

ईस्टरला पहाटे आम्ही कबरस्तानात जातो, कबरी धुतो, फुलं वाहतो. यंदा मी आईच्या कबरीवर मेणबत्ती लावत होते, तर पलीकडे काका. काकूंच्या कबरीपाशी रुमाल अंथरून तिच्याशी बोलत बसलेले.

"ऐक गं, नवीन आहे. लाजर चार दिवसांनी थडग्यातून उठून घरी आला. बहीण म्हणते कशी, 'आलास? आधी पाय धू, आत्ताच फरशी पुसलीय!'"

मग कबरीकडे बघत राहिले.

"एवढं बोललो, तरी रागावली नाहीस?"

मला राहवेना. तरातरा गेले आणि म्हटलं, "काका! आजच्या दिवशी असं बोलतात? थोडी तरी जनाची नाही तर मनाची?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. काकांनी वर पाहिलं. डोळे भरलेले, पण चेहरा कितीतरी दिवसांनी खुललेला.

"जरा मोठ्यानं ओरड गं," ते म्हणाले. "तिला तिकडे काळजी लागली असेल."

मी पदरानं डोळे पुसले आणि सगळ्या कबरस्तानाला ऐकू जाईल असं झापलं त्यांना.