राखणीच्या हौदाची व पाच कागदांची हकिकत

श्री. ज्या देवीने अक्षरे घडविली, ती अक्षरांशी झुंजणाऱ्यांसही प्रसन्न असो. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्ल नाम संवत्सर, फाल्गुन वद्य पंचमी ते दिवशी एका राज्यातील एका गडावर वर्तमान जाहले ते ऐसे.

गडावर पाण्याचे हौद सात, त्यांत पूर्वेकडील थोरला हौद राखणीचा, वैशाखाआधी त्यात कोणी दोर टाकू नये ऐसी शिस्त, आणि सातांचे माप घेण्याची काठी गिरजाबाईंचे हाती. काठी त्यांचे वडिलांची. बाईंची नजर ऐसी की पलीकडल्या बुरुजावर कबुतरे किती बसली ते उभ्या जागी मोजीत, आणि हिशेब तोंडपाठ, परंतु कागद पुढे आला की ओळीतली अक्षरे जागा सोडीत, आज साधलेला शब्द उद्या परका होई, आणि लिहू म्हटले एक तो हातून उतरे दुसरे. लहानपणी पंतोजींनी आळशी म्हणून छड्या मारिल्या. बाई आळशी नव्हत्या. एका ओळीस इतरांहून चौपट श्रम करीत, ते कोणी मोजिले नाहीत.

आणि राज्याचा कायदा ऐसा की तोंडी सांगावा ग्राह्य नाही, ज्याने पाहिले त्यानेच स्वहस्ते लिहावे, आणि कागदात तीनाहून अधिक चुका असल्यास तो माघारी जावा. चुका शोधणार दफ्तरदार अनंतपंत. मजकुरात मन गुंतले की चूक निसटते, म्हणोन पंतांनी रीत घातली होती की कागद शेवटल्या शब्दापासून पहिल्याकडे वाचावा. रीत चोख. तीस वर्षांत पंतांचे हातून एक चूक सुटली नाही.

तो फाल्गुनात बाईंनी पाहिले की राखणीचा हौद रोज चार बोटे उतरतो. लोक बोलिले, "ऊन पिते, बाई." मग बाईंनी तांब्याची परात पाण्याने भरोन हौदाच्या काठावर त्याच उन्हात ठेविली, तो परात दिवसात अर्धे बोट उतरली. मग कोणी दोर टाकितो काय हे पाहण्यास हौदाच्या आवाराचे दारास कुलूप घालोन किल्ली कमरेस लाविली, तरी हौद चार बोटेच उतरला. मग पूर्वेच्या तटाखाली उतरोन पाहिले, तो भर फाल्गुनात तेथे गवत हिरवेगार. तेव्हा बाईंस निश्चय जाहला की हौद तळाशी फुटला, पाणी अठ्ठ्याऐंशी बोटे, दिवस बावीस, आणि वैशाखात गडावरील तीनशे माणसे कोरडी पडतील. ते सर्व लिहोन कागद दफ्तरी दिला. तो माघारी आला. चुका एक्केचाळीस.

पंत बोलिले, "बाई, हे अक्षर की मुंग्यांचे वारूळ फुटले?" कारकून हसले. बाई बोलिल्या, "पंत, हसा, पण आत काय आहे ते तर पाहा." पंत बोलिले, "पाहिले. एक्केचाळीस आहेत. पाडव्यापर्यंत कागद चढला नाही तर काठी दुसऱ्याचे हाती देऊ."

मग बाई घरी आल्या आणि रडत बसल्या नाहीत. ताडपत्रास एका ओळीएवढी खाच पाडिली, की एक ओळ दिसावी आणि बाकीच्या झाकाव्या. अवघड शब्द कोळशाने भिंतीवर हातभर मोठे काढिले आणि जाता येता त्यांवरोन बोट फिरविले. आणि नणंद चिमाबाई, ज्यांस अक्षराची ओळख नाही परंतु कान तिखट, त्यांस समोर बसवोन लिहिले ते जैसे उतरले तैसे मोठ्याने वाचीत, आणि विपरीत ऐकू आले की चिमाबाई घागरीवर टिचकी मारीत. "वहिनी, घागरीस पोचे पडले, आता तरी नीट लिहा!" "पडू देत. पुन्हा ऐका." दुसरा कागद गेला, चुका एकोणतीस. तिसरा, सतरा. चौथा, नऊ. दर खेपेस बाई माप नवे घालीत, पाणी खाली जात होते आणि चुकाही खाली जात होत्या, परंतु पाणी आधी सरणार हे बाईंस हिशेबाने दिसत होते. चिमाबाई बोलिल्या, "वहिनी, तुमच्या जागी मी असते तर काठी पंतांच्या दारात टाकून आले असते." बाई बोलिल्या, "काठी टाकीन, पण पाणी कोण मोजील?" आणि पाचवा कागद घेतला.

पाडव्याच्या दरबारी कोणीही एक मागणे मागावे ऐसी चाल. बाई कागद घेवोन उभ्या राहिल्या. पंतांनी तेथेच तपासिला आणि बोलिले, "चुका सात." बाई बोलिल्या, "महाराज, सांगावा देणे मना आहे, मागणे मना नाही. माझे मागणे इतकेच, हा कागद एकवार वरून खाली वाचावा."

महाराज पंतांस पुसते जाहले, "पंत, कागदात काय आहे?"

"सात चुका, महाराज."

"आणि मागील चारांत?"

"एक्केचाळीस, एकोणतीस, सतरा, नऊ."

"चुका नव्हे, पंत. आहे काय?"

मग महाराजांचे आज्ञेने पंतांनी कागद वरून धरिला आणि वाचू लागले, आणि परात आली, आणि कुलूप आले, आणि हिरवे गवत आले, आणि सातही चुकांपाशी पंत अडले नाहीत, अर्थच त्यांस पुढे नेत होता. शेवटची ओळ आली, "पाणी उरले दिवस अकरा." पंत थांबले. हीच ओळ त्यांनी पाचही कागदांत सर्वांआधी वाचिली होती. बावीस, एकोणीस, सोळा, तेरा, अकरा. दर खेपेस शुद्ध म्हणोन पुढे गेले होते.

त्याच प्रहरी पाथरवट तटाखाली गेले, तिसरे दिवशी चीर चुन्याने बुजली, आणि पाणी छत्तीस बोटांवर थांबले. काटकसरीने वैशाख निभावला. महाराजांनी हुकूम केला की कागद आधी अर्थासाठी वरून वाचावा, मग चुकांसाठी उलटा. पंतांनी पाचवा कागद दफ्तरी ठेविताना पुसले, "बाई, सुवाच्य नक्कल करोन ठेवू?" बाई बोलिल्या, "नको, पंत. हौद याच कागदाने वाचला. हाच ठेवा."

तात्पर्य, बाईंची अक्षरे पुढेही जागा सोडीतच राहिली, आणि बाई खाचेची पट्टी घेवोन लिहीतच राहिल्या. ज्येष्ठात त्यांचा सहावा कागद आला. चुका बारा. पंतांनी तो त्याच दिवशी वाचिला. वरून.