मर्लबाईंचं निळं कार्ड

आपलं चर्च वाचवायला मर्लबाई नऊ तास बसमध्ये बसून ॲडलेडला चर्चसंघाच्या राष्ट्रीय महासभेला आल्या, आणि नेमका पहिल्याच दिवशी सभागृहातला एसी बंद पडला. दहापेक्षा कमी सदस्य असलेली चर्च बंद करावीत, असा ठराव दुपारी यायचा होता. मर्लबाईंच्या कुरॅबी गावात सदस्य मोजून नऊ. भाषण तोंडपाठ होतं, पण चारचौघांत बोलायची बाईंना भारी धास्ती.

"घाबरू नकोस गं," शेजारच्या गावचा प्रतिनिधी कीथ म्हणाला. "दुपारी नुसतं निळं कार्ड छातीशी धर. अध्यक्षबाई आपणहून बोलावतील."

आमच्या महासभेची रीतच तशी. ठराव पटला तर नारिंगी कार्ड छातीशी, नाही पटला तर निळं. आणि एक जरी निळं दिसलं, तरी त्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय गाडं पुढे हलत नाही. इतकी सभ्य माणसं जगात दुसरीकडे नसतील.

जेवणाआधीचा शेवटचा ठराव स्वयंपाकघरातल्या बायकांचे आभार मानण्याचा होता. त्या बिचाऱ्या ॲप्रन बांधून दारात उभ्या होत्या. सगळीकडे नारिंगी कार्डं झळकली. घामाघूम मर्लबाई मात्र हाताला लागेल त्या कार्डाने वारा घेत होत्या.

"उजवीकडे एक निळं दिसतंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "या ना, माइकपाशी या. काय खटकतंय?"

"मर्ल, अगं काय केलंस हे!" कीथने कपाळाला हात लावला.

दारातल्या बायकांचे चेहरे पडले. बाई घाबऱ्याघुबऱ्या माइकपाशी गेल्या. मग पाठ होतं तेच भाषण धडाधड बाहेर पडलं.

"आम्ही नऊच आहोत हो! पण रविवारी प्रार्थनेनंतर मी गरमगरम स्कोन-पाव भाजते, चहा ठेवते, तेव्हा आणखी चाळीस माणसं येतात. मेंढ्या हाकून येतात, भांडणं मिटवून जातात. त्यांना कोणी मोजतच नाही!"

दारातली एक बाई हातातली पळी उंचावून ओरडली, "अगदी बरोबर बोलल्या!"

कीथ ताडकन उठला. "मग दुपारच्या ठरावात एवढंच घाला. जो नेमाने चहाला येतो, तोही सदस्य."

एरवी अशा दुरुस्तीवर दोन दिवस चर्चा झाली असती. पण आत कोकराचं मटण गार होत होतं. क्षणात सगळं सभागृह नारिंगी झालं. मर्लबाईंनी तर कार्ड दोन्ही हातांनी धरलं होतं.

दुपारी चिटणीसांनी विचारलं, "कुरॅबी, सदस्य किती?"

"एकोणपन्नास," मर्लबाई म्हणाल्या, आणि आनंदाने त्यांना रडूच फुटलं.

बाहेर येऊन त्यांनी लगेच नवऱ्याला फोन लावला. रॉस हा माणूस तीस वर्षं प्रार्थना संपेपर्यंत बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचा आणि फक्त चहाला आत यायचा. आपण देवाबिवाच्या भानगडीत नाही, हे तो पबमध्ये छाती फुगवून सांगायचा.

"रॉस, आपलं चर्च वाचलं!" असं म्हणून त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

पलीकडे पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

"म्हणजे मीसुद्धा?"

"तूसुद्धा. एकमताने!"

"मर्ल, हे मला मान्य नाही हं!"

"मग इथे येऊन निळं कार्ड दाखव," मर्लबाई म्हणाल्या. "पुढची महासभा तीन वर्षांनी आहे."