न बिघडणारा कॉम्प्युटर

आप्पांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ठेवायचं की लिनक्स टाकायचं, हा प्रश्न दिवाळीपासून लोंबकळत होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आप्पा सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात एकटेच राहत. सोसायटीच्या पाण्याच्या नोटिसा तेच टाइप करायचे. विंडोज मधेच अडकायचं. मग पुतण्या पृथ्वीराज यायचा, दुरुस्त करायचा आणि धपाटी-शेंगाचटणी खात तास-दोन तास गप्पा मारून जायचा.

"काका, लिनक्स टाकू या. फुकट हाय, कधी अडकत न्हाय," तो दर वेळी म्हणे.

"मला जमंल का पण?"

"तुमाला काय करायचंच न्हाय की!"

शेवटी एका रविवारी आप्पांनी मान डोलावली. पृथ्वीराजनं लिनक्स टाकलं, जेवला आणि गेला.

कॉम्प्युटर खरंच अडकेना. सुरुवातीला आप्पांनी साऱ्या सोसायटीला कौतुक सांगितलं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की त्या रविवारनंतर पृथ्वीराज फिरकलेलाच नाही. नुसतं 'ये' म्हणायला त्यांना संकोच वाटे. पोराला नोकरी, संसार. काहीतरी कारण हवं.

त्यांनी दिसतील ती बटणं दाबली. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी झाली. आप्पांनी आनंदानं फोन लावला.

"यायची गरज न्हाय काका, हितनंच करतो," पृथ्वीराज म्हणाला. आप्पांच्या डोळ्यांदेखत माऊसचा बाण आपोआप फिरला आणि अक्षरं पूर्ववत झाली.

मग आप्पांनी की-बोर्डवर चहा सांडला. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला नवा की-बोर्ड देऊन गेला.

आता मात्र त्यांनी मन घट्ट केलं. "पृथ्वी, ते विंडोजच परत टाक बाबा."

"का? लिनक्सला काय झालं?"

"काय होतच न्हाय रं त्याला!"

"मग! मी म्हणलो नव्हतो?" पृथ्वीराज खूश होऊन हसला. "आता सांगोल्याच्या आत्याकडंबी टाकतो. तिच्या बचतगटाचा लॅपटॉप सारखा अडकतोय, दर महिन्याला मला तिकडं पळावं लागतंय."

फोन बंद झाला. आप्पांनी घाईघाईनं सांगोल्याला बहिणीला, बजाबाईला, फोन लावला.

"बजे, पृथ्वी लॅपटॉपात काय नवं टाकतो म्हणला, तर सरळ न्हाय म्हण."

"का रं आप्पा, वंगाळ हाय का ते?"

"न्हाय गं," आप्पा म्हणाले, "लई चांगलं हाय."